चेंडूपासून लांब

हेलन गेल्याचं नूराने फोनवर सांगितलं तेव्हा मी इथे सौदीत, कतीफच्या बाजारात मासे निवडत होते. तिकडे इंग्लंडात, बहिणीच्या घरी, आजारपणात गेली. क्लबाला तसं कळवलं होतं. “इन्ना लिल्लाहि…” एवढंच माझ्या तोंडून निघालं. फोन ठेवता ठेवता नूराने विचारलं, “शबाना, ती माझ्यावर रागावून गेली होती का गं?”

हेलन इंग्लंडच्या संघात मिडफिल्डला खेळलेली. आमच्या मुलींच्या फुटबॉल क्लबात ती मुख्य प्रशिक्षक, इथलीच नूरा तिची मदतनीस, आणि मी श्रीवर्धनची, फिजिओथेरपिस्ट. मला नसत्या चौकशा फार. पहिल्याच आठवड्यात तिचा दुखरा गुडघा शेकताना विचारलं, “किती गोल केलेस?” आम्ही क्रिकेटवाले, आकडा ऐकल्याशिवाय आमचं समाधान होत नाही. ती खो खो हसली. पुढे हळूहळू एकेक कळत गेलं. गावात मुलींचा संघच नव्हता, म्हणून मुलग्यांत खेळली. मोठेपणी सकाळी टपाल वाटायचं, संध्याकाळी चिखलात सराव. देशाचा शर्ट मिळाला तोही पुरुषी मापाचा! बायकांच्या फुटबॉलला बरे दिवस आले तोवर हिचा गुडघा संपला होता. वाईट वाटतं का, विचारलं तर म्हणाली, “वाटतं ना. खूप वाटतं.”

एकदा तिने तिचा जुना सामना लावला. मला ती दिसेचना. “चेंडू नको बघूस, मला बघ.” बघते तर बाईसाहेब चेंडू सोडून भलतीकडेच धावतायत!

“तिकडे काय ठेवलं होतं?”

“काही नाही. पण त्यांच्या दोघी माझ्यामागे आल्या की नाही?”

मोकळ्या झालेल्या जागेतून दुसरीनेच गोल मारला…

मग सौदीकरण आमच्या क्लबापर्यंत आलं. लायक सौदी बाई असेल तर मुख्य जागा तिला द्यायची. नूरा तयार आहे का, हे ऑफिसने हेलनलाच विचारलं. ‘अजून नाही’ म्हणाली असती तर तिचा इकामा, इथे राहायचा परवाना, वाढला असता. ही म्हणाली, “तयार आहे.”

मी भडकले. “स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतलास!”

“पण ती आहे तयार. तिलाच ते ठाऊक नाही.”

नूराच्या पहिल्या सामन्याला हेलन माझ्याशेजारी बसली होती. नूरा सारखी मान वळवून हिच्याकडे पाहायची, काही करायचं तर आधी हिचा होकार. मध्यंतरानंतर हेलन उठून गेली. रिकामी खुर्ची पाहून नूराचा चेहरा उतरला. जरा वेळाने मात्र तिने आपल्या मनाने दोन मुली बदलल्या आणि आम्ही जिंकलो. थोड्याच दिवसांत हेलन मायदेशी परतली.

परवा मी नूराकडे गेले आणि तो दिवस सांगून टाकला. हेलनला शोधायला मी बाहेर गेले, तर ती पार्किंगच्या भिंतीला टेकून आतला गलका ऐकत होती. “आत चल,” म्हटलं. “नको. मी दिसले की ती मलाच विचारील.” तेवढ्यात आत एकच कल्ला झाला. तिने माझा हात घट्ट धरला, “कोणाचा गोल?” मी डोकावून म्हटलं, “आपला!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “तिला सांगू नकोस,” म्हणाली. माझ्या पोटात एरवी काही राहत नाही, एवढं मात्र राहिलं.



“मला वाटलं, मला टाकून गेली,” नूरा म्हणाली. “रागावले होते मी, शबाना. तिचे फोन यायचे… मी उचलले नाहीत.”