चव पाहणारा गट

लातूरच्या एका डाळ मिलच्या प्रयोगशाळेत वीसेक वर्षं काढल्यावर, पन्नाशीला टेकताना, मी नांदेडला पीएचडीला प्रवेश घेतला. विषय साधा होता: साठवलेल्या तूरडाळीची चव कशानं उतरते. मागे लागून अर्ज भरायला लावला तो नवऱ्यानं. त्यांचं अडत दुकान. म्हणाले, मिलची चाकरी पुरे, आता शिक.

चव पाहायला गट लागतो, आणि शेवटपर्यंत तीच माणसं लागतात. माझ्या हातचं वरण इतकी वर्षं खाल्लेला माणूस म्हणून यांचं नाव मी पहिलं लिहिलं.

मध्येच त्यांच्या घशात गाठ निघाली. रेडिएशनमध्ये चव गेली. पुढे चव परत आली, असं त्यांनीच सांगितलं. घरी अचूक बोलायचे: आज मीठ कमी हाय, आज फोडणी झकास. माझ्या कामांच्या यादीत 'यांची चव' या ओळीवर मी खूण केली आणि पुढची चाचणी ठरवली.

चाचणीत प्रत्येक जण फळ्यांच्या आडोशात एकटा बसतो. पलीकडून मी फक्त वाटी सरकवते. गट ताळ्यावर आहे ना, हे बघायला एक वाटी मुद्दाम कुबट डाळीची ठेवली होती. सगळ्यांनी ती नापास केली. यांनी तिलाच सर्वांत जास्त गुण दिले.

माझ्या गाईड माझ्याहून बऱ्याच लहान. हळूच म्हणाल्या, "ताई, भाऊजींना काढावं लागेल." नियम मलाही माहीत होता.

परतताना बसनं अहमदपूर सोडलं. तेव्हा त्यांनीच विचारलं, "चुकलं ना माझं?"

"चव आलीच नव्हती का?"

"न्हाई."

"मग घरी कसं कळायचं?"

"तू पहिला घास घेतलास की तुझ्या तोंडाकडं बघायचो. तितं मधी फळी होती." मग म्हणाले, "काढ माझं नाव. बाकीच्यांची मेहनत वाया नको जायला."

मी नाव काढलं. प्रबंध पुरा व्हायच्या आत ते गेले. पण ते होते तोवर, जेवायला बसल्यावर पहिला घास मी त्यांच्यासमोर सावकाश घेत असे. भाजी खारट झाली असली, तर तोंडही तसंच करत असे.

"खारट झालंय आज," ते म्हणायचे.

मी हो म्हणायची.