समुंदरकाकांचं दचकणं

"हात मांगं," असं म्हणत ते आधी स्वतःचे हात पाठीशी घ्यायचे. उजव्या हाताची पाच आणि डाव्या हाताची तीन, अशी आठ बोटं एकमेकांत गुंतवायची, मान थोडी पुढे काढायची आणि पाईपच्या ढिगाभोवती एक सावकाश फेरी मारायची. लग्नाच्या पंगतीत, जेवायला न बसता नुसता फिरत राहणारा मुलीकडचा एखादा म्हातारा तुम्ही पाहिला असेल. तसे ते दिसायचे. काखेत बांबूची बोटभर जाड छडी असायची आणि ती नुसती शोभेची नव्हती.

आम्ही त्यांना समुंदरकाका म्हणत असू. खरं नाव हजेरीपटात होतं, ते इथं सांगत नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात चौपाटीवर भेळ खाऊन आलेले पुष्कळ आहेत, पण समुद्रात राहिलेला, तिथं जेवलेला-झोपलेला आणि दोन बोटं तिथंच ठेवून आलेला मी पाहिलेला हा एकच माणूस. मुंबईला कामाला गेलेल्या कुठल्याशा साडूच्या ओळखीनं ते तेलाच्या रिगवर लागले होते. चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस मुकुटबनला घरी, अशी एकोणीस वर्षं त्यांनी काढली. काम एकच. जहाजातून आलेले पाईप रिगच्या डेकवर उतरवून घ्यायचे, रचायचे, आणि तेलाच्या विहिरीत ज्या क्रमानं जाणार त्या क्रमानं पुढे द्यायचे.

मी नेरच्या बाहेर, पाणीपुरवठ्याच्या कामासाठी उभारलेल्या पाईप यार्डात स्टोअरकीपर होतो. काळ्या जमिनीवर मुरूम टाकून केलेलं उताराचं मैदान, तारेचं कुंपण, पत्र्याची एक खोली. ट्रकनं पाईप यायचे. लोखंडी, दोन माणसांच्या कवेत न मावणारे. एका पाईपाखाली माणूस आला तर त्याला बाजूला काढायला क्रेनच लागणार. काका तिथं मुकादम म्हणून आले ते रिगवरची नारिंगी डांगरी घालूनच. उन्हानं विटून तिचा रंग गाजराच्या हलव्यासारखा झाला होता. पहिल्या दिवशी सगळे हसलो. दुसऱ्या दिवसापासून छडी सुरू झाली.

क्रेनच्या पट्ट्यावर लोंबकळणाऱ्या पाईपला कोणी हात लावला की बोटांच्या पेरांवर सट्‌कन बसायची. "दोरी कायले देल्ली तुले?" ते विचारायचे. पाईपच्या टोकाला दोरी बांधायची आणि लांब उभं राहून त्याला वळवायचं, हा त्यांचा नियम. पाईपच्या दोन थरांमध्ये लाकडी पट्ट्या आल्याच पाहिजेत. खालच्या थराला दोन्हीकडून बाभळीच्या पाचरी आल्याच पाहिजेत. त्या पाचरी ते स्वतः तासायचे, संध्याकाळी बसून, एकेक. उताराच्या बाजूला कोणी उभं राहिलं तर आईवरून शिवी यायची. बायकामाणसांनाही सूट नव्हती. एका बाईच्या हातावर वळ उठला तेव्हा तिनं दोन दिवस काम सोडलं. काकांना त्याचं काही वाटलं नाही. "वळ जाते," ते म्हणाले, "बोट येत नाई वापस."

"काका, तुमचं जहाज हालत होतं," हायड्रा क्रेनवाला सलीम त्यांना डिवचायचा. "इथं जमीन हालत नाही ना."

"जमीन हालत नाई म्हनूनच तू बह्याडासारखा वागतं," ते म्हणायचे.

ज्या ट्रकला आम्ही पाऊण तासात मोकळा करत असू त्याला काकांमुळे अडीच तास लागायला लागले. ट्रकवाले माझ्याशी भांडायचे, वरून फोन मला यायचे. खरं सांगतो, मला त्या माणसाचा मनापासून राग होता. त्या रागाला वाट लवकरच मिळाली.

काका आवाजाला घाबरायचे. साध्या आवाजाला नाही. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. तो आला की वयाची साठी जवळ आलेला हा माणूस जागच्या जागी हातभर उडायचा, दोन्ही पंजे काखेत खुपसून चार पावलं बाजूला जाऊन पडायचा, आणि मगच मागे वळून पाहायचा.

"पहिले आवाज येते," त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "दुखनं मंग येते. त्या दोघाइच्या मंधात जेवढा टाइम हाय तेवढीच आपली जिंदगी. त्या दिवशी डेकवर आवाज आला, अन् मी पाहत राह्यलो का कायचा आवाज हाय म्हून. पाहेपर्यंत दोन बोटं गेली. तवापासून मी पाहत नाई बाबूजी. उडी मारतो."

मी हे ऐकून घेतलं, मान हलवली, आणि त्याच दुपारी बारका पाईप कापून उरलेलं एक लोखंडी कडं त्यांच्यामागे रिकाम्या पाईपवर टाकलं. ते उडाले. सगळं यार्ड हसलं. मग तो खेळच झाला. कडं कोणीही टाकायचं, पण बरोबर वेळ माझी जमायची. कडं टाकताना मी ओरडायचोही, "काका, पाईप आला, सरका." छडीचा प्रत्येक वळ आम्ही असा वसूल केला.

मी एकदा त्याचा व्हिडिओ काढला आणि यार्डच्या ग्रुपवर टाकला. काका उडतात, टोपी पडते, ते काखेत हात घालून मातीत बसलेले, आणि मागे आमचं खिदळणं. चार दिवसांत तो मुकुटबनला पोचला, तिथंच असलेल्या त्यांच्या मुलीच्या सासरीही. काका माझ्या खोलीशी आले. हात मागेच होते.

"बाबूजी, तेवढा व्हिडिओ काढून टाका. पोरीची सासू पाहून राह्यली अन् लोकाइले दाखवून राह्यली."

मी माझ्या मोबाइलमधून काढला. दुसऱ्यांच्या मोबाइलमधून काढणं माझ्या हातात नव्हतं, आणि असतं तरी मी काढला नसता, कारण तो व्हिडिओ खरंच छान आला होता.

त्यानंतर महिनाभरानं एक गोष्ट घडली. काका स्वतः दोरी धरून पाईप वळवत होते आणि मी सवयीनं कडं टाकलं. त्यांच्या हातून दोरी सुटली. पाईप फिरला आणि ट्रकच्या केबिनची काच घेऊन गेला. नेमके इंजिनिअर साहेब तिथंच उभे होते. पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा, पण साहेब तो साहेब. त्यानं सगळ्यांसमोर काकांना सांगितलं, "एवढे घाबरता तर साइटवर येता कशाला? पुन्हा एकदा असं झालं, तर उद्यापासून यायचं नाही."

कडं माझ्या पायाशी पडलं होतं. काकांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "गलती झाली साहेब."

संध्याकाळी ते पुन्हा खोलीशी आले. मला वाटलं आता शिव्या देतील, कदाचित छडीही बसेल. ते दारातल्या पायरीवर बसले. "मले आता कोन ठेवते बाबूजी? बोटं पाहूनच वापस पाठवते. ही नोकरी गेली त मले पोरीच्या दारात जाऊन बसा लागते, अन् तिची सासू कशी हाय ते तुमाले मालूम हाय." मग म्हणाले, "दचकनं बंद करा लागते. तुम्ही रोज पाडत जा ते कडं. मले सांगू नका कधी पाडता ते. आवाजही देत जा. मी नाई हालत."

मी खोटं कशाला बोलू, मला मौज वाटली. चोरून करायचो ते आता हक्कानं करायचं. रोज एकदा, कधी सकाळी, कधी जेवणानंतर, मी त्यांच्या पाठीमागे कडं टाकायचो आणि ओरडायचो, "पाईप आला, सरका." पहिला आठवडा ते उडालेच. मग उडी मारायचे आणि मध्येच स्वतःला थांबवायचे, ते पाहायला फार विचित्र वाटायचं. मग नुसते खांदे उडू लागले. मग पापण्या. मागे बांधलेली बोटं पांढरी पडेपर्यंत ते एकमेकांत आवळून धरायचे आणि माझ्याकडे बघायचे.

"हाललो का?"

"थोडे. मान हालली."

"उद्या पाहू."

या शिकवणीत आमची दोस्ती झाली, हे तुम्हाला पटणार नाही. पण झाली. ते मला रिगवरच्या गोष्टी सांगू लागले. पाईपच्या आट्यांवर बसवायच्या टोप्या, वाऱ्यात क्रेन बंद ठेवून घालवलेले दिवस, दुपारी गरम डेकवर पाईपांच्या सावलीत झोपणारे समुद्रपक्षी. मी त्यांच्यासाठी घरून ज्वारीची भाकर आणि ठेचा आणू लागलो. माझा राग कधी गेला ते मलाही कळलं नाही. छडीही कमी झाली. आणि पौषातल्या एका सकाळी मी कडं टाकलं, जीव तोडून ओरडलो, आणि काका हलले नाहीत. पापणीसुद्धा नाही. सलीमनं क्रेनमधून टाळी वाजवली. मी सगळ्यांना आलुबोंडा खाऊ घातला. त्यांना शिकवून तयार केल्याचा मला चक्क अभिमान वाटला.

"आता पोरीले सांगून येतो," काका म्हणाले. "नोकरी पक्की म्हून." ते दोन दिवसांची सुट्टी घेऊन मुकुटबनला गेले.

त्या दोन दिवसांत थंडी फार पडली. मजुरांनी चहासाठी लाकूड मागितलं. काकांनी तासलेल्या पाचरी खोलीमागे रचून ठेवलेल्या होत्या, त्यांच्याकडे बोट दाखवून मीच म्हणालो, "घ्या त्यातल्या. काका आले का पुन्हा तासतील." वाळकी बाभूळ छान पेटली. दोन ट्रक आले, आम्ही दोन्ही पाऊण-पाऊण तासात मोकळे केले, आणि नवा ढीग उतारावर तसाच उभा राहिला. पट्ट्या नाहीत, पाचरी नाहीत. वरून मला शाबासकीचा फोन आला.

तिसऱ्या दिवशी तिसरा ट्रक उतरत असताना काका फाटकातून आत आले. थेट बसस्टँडवरून आले होते, हातात कापडी पिशवी. मला लांबूनच पाहून ते हसले आणि नव्या ढिगाकडे पाठ करून मधेच, उताराच्या बाजूला उभे राहिले. त्यांनी ढीग तपासला नाही. पहिल्यांदाच तपासला नाही. त्यांना आधी मला सांगायचं होतं.

"पोरगी खूश झाली बाबूजी," ते म्हणाले. "लाडू देल्ले तुमच्यासाठी." आणि सवयीनं हात मागे घेतले, पिशवीसकट.

सलीमनं वरच्या थरावर पाईप टेकवला. खालचा थर फाकला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा तो आवाज झाला आणि कडेचा पाईप उतारावरून सुटला. मला तो दिसत होता. काकांना दिसत नव्हता.

मी ओरडलो. "काका, पाईप आला, सरका."

तेच शब्द. तोच आवाज. दुसरं काही मला सुचलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मान थोडी ताठ केली, आणि परीक्षेत पाठ केलेलाच प्रश्न आलेल्या मुलासारखे शांत उभे राहिले. मी पुन्हा ओरडलो, हात हलवले, पळालोसुद्धा. मी जितका ओरडलो तितके ते घट्ट उभे राहिले.

सलीमनं हायड्रानं पाईप उचलला तेव्हा त्यांचे हात पाठीशीच होते. आठही बोटं एकमेकांत गुंतलेली, एकालाही खरचटलेलं नव्हतं. पिशवीतले तिळाचे लाडू तेवढे फुटले होते.

वरून अहवाल मागवला गेला. पाहिलेला माणूस म्हणून तो मीच लिहिला. सदर इसम धोक्याच्या जागी उभा होता, मोठ्याने सूचना देऊनही बाजूला झाला नाही. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पाचरींबद्दल कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मजुरांपैकीही कोणी बोललं नाही. चहा सगळ्यांनीच प्यायला होता.

पंधरा दिवसांनी काकांची मुलगी सामान न्यायला आली. मुकुटबनहून यवतमाळ, यवतमाळहून नेर, दोन बस बदलून. सामान म्हणजे एक कांबळं, तासणी आणि ती छडी. डांगरी अंगावरच गेली होती. तिनं छडी हातात घेऊन पाहिली आणि मला विचारलं, "भाऊ, तुम्ही होते ना तथी? कोनं आवाज नाई देल्ला काय बाबाले?"

"देल्ला," मी म्हणालो. "मीच देल्ला."

"मंग हटले काहून नाई?"

तिनं मोबाइल काढला. सासरच्या कोणाकडून तरी तो व्हिडिओ तिनं मागून घेतला होता. बाबाचा हालता-बोलता हा एकच हाय आमच्यापाशी, ती म्हणाली. तिनं तो मला दाखवला. कडं पडल्याचा आवाज आला, काका हातभर उडाले, टोपी पडली, आणि मागून हसणं ऐकू आलं. त्यात माझं हसणं सगळ्यांत मोठं आहे. तिनं तो पुन्हा पहिल्यापासून लावला.

"पाहा ना भाऊ," ती म्हणाली. "एवढ्याशा आवाजानं कसे पटकन उडून राह्यले. मंग त्या दिवशी काय झालतं त्याइले?"

ती माझ्याकडे पाहत उत्तराची वाट बघत होती. मी हात मागे बांधून तसाच उभा राहिलो.