मास्तरांनी किमोनोला फिटिंग दिलं

मास्तरांनी चाळीस वर्षं कोट शिवले. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि समोरच्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा किती उतरलाय हे नमस्काराआधीच ओळखणारी नजर. कपडा अंगाबरोबर बसलाच पाहिजे, या बाबतीत ते सख्ख्या भावालाही सोडत नसत.

आणि त्यांना सून मिळाली ती किमोनो शिवणारी! समोरून उघडा, ना बटण ना हूक, बाह्या एवढ्या रुंद की एकीत दुसरा माणूस मावावा.

"हे घालायचं कशावर?" मास्तरांनी विचारलं.

"कशावरही, बाबा. जीन्सवर, लांब फ्रॉकवर. बोहेमियन म्हणतात याला. हलकं हलकं, एकावर एक, मोकळंढाकळं."

"म्हणजे उठायला उशीर झाला की माणूस हाताला लागेल ते घालून पळतो, तसं?"

सून हसली आणि प्रदर्शनातला स्टॉल लावायला निघाली. "त्या जांभळ्याची खालची पट्टी तेवढी दुमडून ठेवा," दारातून तिने सांगितलं.

पट्टी दहा मिनिटांत झाली. मग मास्तरांचे हात शिवशिवू लागले. इतकं पिसासारखं कापड, आणि नुसतं खांद्यावरून ओघळतंय म्हणजे काय! त्यांनी कडेच्या शिवणी चार बोटं आत घेतल्या, बाह्या निमुळत्या केल्या, पुढे तीन बटणं लावली आणि वर खांद्यांत कोटाचे पॅडही बसवले. आता कुठे तो किमोनो त्यांच्या मते माणसांत आला.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात नेमका तोच उचलला एका नृत्यशिक्षिकेने. बाई अंगाने भरलेल्या आणि भलत्या हौशी. सून "थांबा" म्हणेपर्यंत दोन्ही हात बाह्यांत शिरले आणि कोपराशी अडकले. ना पुढे, ना मागे.

"अहो, हा सोडत नाहीये मला!"

सुनेने पॅड चाचपला आणि शेजारी उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. मास्तर कात्री घेऊन पुढे झाले. "ताई, हलू नका. चूक माझी आहे."

एकेक टाका उसवत त्यांनी किमोनो अंगावरच पुन्हा सैल केला आणि बाईंना सोडवलं. सुटल्याच्या आनंदात बाईंनी हात वर करून चक्क गिरकी घेतली. जांभळं कापड फुललं आणि त्यांच्या मागोमाग, जरा उशिराच, खाली उतरलं. मास्तर बघत राहिले. त्यांचा एकही कोट कधी असा हलला नव्हता.

"ताई," ते घसा खाकरून म्हणाले, "आत एकरंगी घाला. उंची बेताची आहे तुमची, पायघोळ घेऊ नका, गुडघ्यापर्यंत पुरे. कमरेला बारीक पट्टा, पण सैल."

बाईंनी सुनेकडून आखूड किमोनो घेतला आणि आरशासमोरून हलेनात. मग बाकीच्यांनीही मास्तरांना घेरलं. "काका, मला?" "तुम्हाला हा रंग नको, आजारी दिसाल." इतकं खरं ऐकायला चक्क रांग लागली.

"पुन्हा फिटिंग द्याल?" घरी जाताना सुनेने विचारलं.

"नाही. पण माणसानं रुमाल ठेवायचा कुठे?"

हे भांडण आठवडाभर चाललं. शेवटी उजव्या शिवणीत लपलेला खिसा ठरला, आणि बायका आता घालताक्षणी आधी तोच शोधतात. कुणी कौतुक केलं की मास्तर सांगतात, "शिवते सून. माझ्याकडे फक्त खिसे."