मले पयनारा पायजे

मिक्सरचं बटण आणायला मी वर्ध्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले होते. माझ्यापुढे साठीच्या एक बाई होत्या, पदर कमरेला खोचलेला, चष्मा कपाळावर. केळझरच्या भजनी मंडळासाठी त्यांनी स्वतः अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता, पण टाळ वाजले की त्याचा आवाज फाटायचा. उद्याच्या भजनापर्यंत तो सुधारला नाही, तर मंडळ बाहेरून तयार मशीन आणणार होतं.

त्यांना ऑप्टोकपलर हवा होता, म्हणजे एका सर्किटचा सिग्नल दुसऱ्यात तारेऐवजी प्रकाशाने पोचवणारा बोटाच्या नखाएवढा काळा तुकडा. दुकानदाराने नेहमीचा पुढे सरकवला.

"घ्या काकू, सगळे हाच नेतात. चालते."

"चालनारा नोको बापू, मले पयनारा पायजे, धावनारा. आतला दिवा विझल्यावरबी हा जागाच राह्यते. तवर दुसरा सिग्नल दारात येऊन उभा."

"भजनात एवढं कोन पाह्यते?"

"टाळ पाह्यते."

दुकानदार हसला. "मंग नागपूरले जा लागन. तिथंबी नाई भेटला त?"

"त मंडळ आनन बाहेरची मशीन, नाई त उद्या बिनामाइकचं गाऊ. फाटका आवाज माह्या मशीनमधून निंगनार नाई."

'चालते' हा शब्द मी दिवसातून कितीदा तरी वापरते आणि काम संपलं असं समजते. त्या बाईंनी तो त्या तुकड्यासकट दुकानदाराकडे परत सरकवला, आणि नागपूरची बस धरायला निघून गेल्या.