भुऱ्या रंगाची पिकअप

"कुणाला इचारून?"

मावशींचं माझ्या लक्षात राहिलेलं पहिलं वाक्य हे, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलंही हेच. उजवा कोपर पिकअपच्या खिडकीतून बाहेर, पदर कानामागे खोचलेला, इंजिन चालूच, आणि वरून हा सवाल. आवाज कधी चढायचा नाही. पण माझ्यासारख्या तापट माणसाच्या हातातली हातोडी खाली यायची.

द्वारका चौकाजवळ माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट असेल. दुकान नवीन होतं आणि अंगात मस्ती होती. मावशी दरवाजाची बिजागरी बसवायला गाडी सोडून गेल्या. गाडी म्हणजे जुनी अमेरिकन पिकअप, फुगीर नाकाची, गोल डोळ्यांची. पुढच्या मडगार्डवर एक मोठा पोचा होता. म्हटलं, गिऱ्हाईक नवं आहे, खूश करू. पोचा ठोकून असा सफाचट काढला की स्वतःलाच शाबासकी दिली.

संध्याकाळी मावशी आल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली.

"बिजागरी सांगितली होती. पोचा कुणाला इचारून काढला?"

"फुकट काढलाय मावशी. पैसे नकोत."

"फुकट काढ नायतर इकत काढ. बाजारात माल उतरवताना त्यात माझा तांब्या बसायचा. आता बघ." असं म्हणून त्यांनी पिशवीतला तांब्या मडगार्डवर ठेवला. तो घरंगळून माझ्या पायावर पडला.

अहो, उभ्या आयुष्यात मी हजारो पोचे काढले असतील. पोचा पाडला तो एकच. मावशी तांब्या ठेवून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून जरा खोल." आजूबाजूचे मेकॅनिक हातातली कामं टाकून बघायला जमले होते. माझी लाज गेली, पण गिऱ्हाईक कायमचं जोडलं गेलं.

मखमलाबादच्या अंगाला त्यांचा मळा होता. झेंडू, शेवंती, निशिगंध, थोडा गुलाब. ही पिकअप त्यांच्या सासऱ्यांनी एका गुजराती वखारवाल्याकडून घेतलेली. फुलबाजार भरतो उजाडायच्या आत, आणि मावशींचे यजमान होते रातांधळे. दोनदा गाडी बांधावर चढवल्यावर सासऱ्यांनी किल्ली मुलाच्या हातातून काढली आणि सुनेच्या हातात दिली. तो काळ डोळ्यांसमोर आणा. भावकीतली माणसं सासऱ्यांना म्हणाली, बाईमाणसाला गाडी? सासरे म्हणाले, तिला दिसतं. विषय संपला.

उंची त्यांची जेमतेम पावणेपाच फूट. सीटवर घडी घातलेलं पोतं, त्यावर चिंध्यांची उशी, पाठीशी आणखी एक गाठोडं. क्लच दाबायचा तर अख्खी बाई खाली घसरायची आणि काचेतून दिसेनाशी व्हायची. एकदा सिग्नलवर नवीन हवालदार शिट्टी फुंकत धावत आला.

"गाडी चालू ठेवून ड्रायव्हर कुठं गेला?"

आतून आवाज आला, "क्लचवर हाय. थांब जरा, वर येऊ राह्यले."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. पण सत्त्याण्णवच्या सुमारास गोष्ट हसण्यावारी राहिली नाही.

मावशींचा एकुलता मुलगा सहा फूट उंच, कुणावर गेला देव जाणे. अंबडच्या कंपनीतली नोकरी सोडून तो मळ्यात लक्ष घालू लागला होता. त्याला गुलाब वाढवायचा होता, माल मुंबईला पाठवायचा होता. तो एक दिवस गाडी घेऊन माझ्याकडे आला, मावशी शेजारी बसलेल्या. म्हणाला, "मिस्तरी, हिला डिझेल इंजिन टाकायचं. मागचा हौदा कापून लांब करायचा. पॉवर स्टिअरिंग, नवा गिअरबॉक्स. वरची बॉडी तेवढी हीच राहील."

"आणि चालवणार कोण?" मावशींनी विचारलं.

"मी. तू आता घरी बस ना आई. तुझे गुडघे बघ. पहाटेच्या धुक्यात तू निघतेस आणि परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो."

मुलगा वाईट नव्हता, उलट चांगला होता, आणि चांगल्या माणसाशी भांडणं सगळ्यात अवघड. वडील जाऊन तीनच वर्षं झाली होती. आईचं काही बरंवाईट झालं तर, ही धास्ती त्याच्या तोंडावर दिसायची.

त्याच आठवड्यात दुसरं प्रकरण उपटलं. गंगापूर रोडला बंगला असलेले एक साहेब होते. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. त्यांनी मावशींची पिकअप बाजारात पाहिली आणि माग काढत ते माझ्याकडे आले. म्हणाले, "ही गाडी मी पूर्ण ओरिजनल करून घेतो. बाईंना बदल्यात नवीकोरी पिकअप देतो, वर ड्रायव्हर देतो. ही माझ्या हॉटेलच्या दाराशी उभी राहील. काम तुम्हीच करायचं."

खोटं कशाला बोलू? माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आयुष्यभर टेंपोची दारं ठोकणाऱ्या माणसाला असं काम एकदाच मिळतं. लोक हॉटेलात जेवायला येतील, गाडीसमोर फोटो काढतील, आणि विचारतील, कुणी केली हो? मी लगेच साहेबांच्या बाजूचा झालो, आणि मावशींनाही हेच फोटोचं ऐकवलं.

रविवारी सगळे माझ्या गॅरेजमध्ये जमलो. साहेबांचा पहिला प्रश्न मूळ रंगाचा. कारण त्या वेळी गाडी धड एका रंगाची नव्हतीच. केबिन राखाडी, हौदा तपकिरी, जिथे पोपडे निघाले तिथे लोखंड. मावशींनी पत्र्याच्या डब्यातून जुना कागद काढला. वखारवाल्या शेटनं लिहून दिलेली विक्रीची चिठ्ठी, गुजराती अक्षरात. सासऱ्यांनी तेव्हा ती कुणाकडून तरी वाचून घेतली होती. रंगाचा शब्द त्यात एकच होता: भुरो.

"भुरा!" माझा पेंटर उत्तर प्रदेशचा, तो लगेच म्हणाला. "भूरा मतलब चॉकलेटी. हौदा देखो ना, सही है."

"येडा का काय," मावशी म्हणाल्या. "भुरा म्हंजे भुरकट. राखंवानी. गाडी आली तवा गंजानं-चिखलानं मूळ रंग वळखू येईना. चिठ्ठीतला भुरो ऐकून तुझ्यासारख्याच एका भय्यानं आधी सगळी गाडी चॉकलेटी केली, मंग मामंजींनी चिडून केबिन राखाडी करून घेतली. हौद्यापर्यंत रंग पुरला नाय."

साहेब वहीत 'राखाडी' लिहीत होते, तेवढ्यात शेजारच्या टायरवाल्या गुजराती भाईंनी चिठ्ठी हातात घेतली आणि पोट धरून हसायला लागले. "अरे भुरो म्हणजे निळो! आमच्यात आकाशाला भुरो म्हणतात!"

मी पॉलिश पेपर घेतला आणि दरवाजाच्या कोपऱ्यात घासलं. राखाडी गेला, तपकिरी गेला, आणि खालून खरंच निळा निघाला. मस्त, गडद, शाळेच्या दौतीतल्या शाईसारखा निळा. एका शब्दापायी ती गाडी चाळीस वर्षं दोन चुकीचे रंग अंगावर वागवत होती.

मावशी हसता हसता खालीच बसल्या. डोळ्यांना पदर लावला. "मामंजी, मामंजी," एवढंच म्हणत होत्या. त्यातलं हसू किती आणि रडू किती, ते मला सांगता येणार नाही.

साहेब मात्र हरखले. "सापडला! हाच ओरिजनल!"

मावशी उठल्या. पदर झटकला.

"साहेब, एक इचारू? तुमचं ओरिजनल कधीपासनं धरायचं?"

"म्हणजे कंपनीतून निघाली तेव्हापासून."

"तवा ती आमची नव्हती. तवा तिच्यात फुलं नव्हती, हा पोचा नव्हता, मी नव्हते. मामंजींनी चुकून दिलेला रंग चाळीस वर्सं ऊन खाऊ राह्यला, आन तुमचा खरा रंग खाली सावलीत बसलेला. कामाचा कोणता?"

साहेब हसले. शिकलेली माणसं हसतात तसे. "पण मावशी, तुम्हाला नवी गाडी मिळते आहे. ड्रायव्हरसकट."

"तेच तर." मावशींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि शेवटी माझ्याकडे. ती नजर मला अजून बोचते. "ह्यो म्हणतो जुनी कर. माझा पोरगा म्हणतो नवी कर. मिस्तरी, तू म्हणतो फोटू निघतील. तिघांचं बोलणं येगळं, पण तिघांचं म्हणणं एकच हाय. म्हातारे, खाली उतर."

मुलानं मान खाली घातली. खरं सांगतो, तोवर माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. गाडीचं काय करायचं, यावर आम्ही आठवडाभर काथ्याकूट करत होतो, आणि गाडी चालवणारी बाई त्यात कुठेच नव्हती.

साहेब निघून गेले. जाताना मला म्हणाले, "अडाणीपणा आहे हा." मी "होय साहेब" म्हणालो नाही, एवढंच माझं त्या दिवशीचं शौर्य.

दुसऱ्या दिवशी मावशी एकट्या आल्या. "मिस्तरी, काम सांगते. जेवढं सांगते तेवढंच कर."

"सांगा."

"सीट. ही पोती, गाठोडी बास झाली. सीट उचल इतभर आन पुढं घे. माझे पाय पेडलवर पुरे टेकले पायजेत. मी बसते, तू माप घे."

शिंप्यासारखं मी त्यांचं माप घेतलं. अँगलची चौकट बनवली, वर सीट चढवली, त्यांना बसवून बघितलं. पहिल्यांदाच मावशी काचेतून खांद्यापर्यंत दिसल्या. मी चौकटीला भोकं पाडायला घेतली.

"हे काय करू राह्यला?"

"बोल्ट टाकतो. म्हणजे दुसऱ्या कुणाला चालवायची असेल तर सीट काढून मागे..."

"कुणाला इचारून?"

मी ड्रिल मशीन खाली ठेवलं.

"वेल्डिंग मार," त्या म्हणाल्या. "चारी कोपऱ्यांत. पक्कं."

"मावशी, मग तुमच्या मुलाला बसताच येणार नाही. स्टिअरिंग त्याच्या पोटात जाईल."

"जाऊ दे."

मी वेल्डिंग मारलं. रंगाचं विचारलं, तर म्हणाल्या, "र्‍हाऊ दे तसाच. धूळ बसली की तिघांचाबी भुरा एकच दिसतो."

घासलेला निळा कोपरा तेवढा मी पारदर्शक लॅकरनं बंद केला, गंजू नये म्हणून. त्यालाही त्या "कुणाला इचारून" म्हणाल्या, पण चालू दिलं.

त्यानंतर मावशींनी आठ-नऊ वर्षं गाडी हाणली. मुलानं मुंबईच्या मालासाठी वेगळा टेंपो घेतला, तो त्याचं बघायचा. फुलबाजाराची खेप मात्र मावशींची. आई-मुलात थोडे दिवस अबोला होता, असं ऐकलं. मग तो पहाटे उठून काचेवरचं दव पुसून द्यायला लागला, असंही ऐकलं. रस्ते रुंद झाले, उड्डाणपुलाच्या गोष्टी सुरू झाल्या, माझ्या गल्लीत कॉम्प्युटरनं रंग जुळवणारी दुकानं आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मावशी माझ्या कॉम्प्रेसरला झेंडूचा हार घालून जायच्या. मला नाही, कॉम्प्रेसरला. "कष्ट तो करतो," म्हणायच्या. असल्या बाईवर रागवायचं तरी कसं?

दोन हजार सहाच्या पावसाळ्याअखेर त्या गेल्या. चार दिवसांचा ताप, बाकी काही नाही. आदल्या आठवड्यापर्यंत गाडी चालवत होत्या. मी मळ्यात जाऊन आलो. पिकअप शेडमध्ये उभी होती, आणि तिच्याकडे बघवेना.

महिना-सव्वा महिन्यानं पिकअप गॅरेजच्या दारात येऊन थांबली. सवयीनं मी हातातली हातोडी खाली ठेवली. दार उघडलं, आधी एक लांब पाय बाहेर आला, मग वाकलेली मान, मग बाकीचा मुलगा. तुकड्यातुकड्यानं उतरला बिचारा.

मला कळलं, सीट कापायला आलाय. आणि माझं डोकं फिरलं. वर्ष तरी जाऊ द्यायचं ना! पण गाडी त्याची, आई त्याची, मी कोण? ग्राइंडर उचलला, वायर जोडली. म्हटलं, "कुठून कापू?"

"कापायला कोण आलंय?" तो म्हणाला. "मागचा डाव्या बाजूचा टाका सुटलाय. वळणावर सीट हलते. तेवढा मारून द्या."

"अरे, पण तू बसतोस कसा?"

"बसतोय की महिनाभर. फुलबाजार करतोय."

मी त्याच्या पँटकडे पाहिलं. दोन्ही गुडघ्यांवर कापड घासून पांढरं पडलं होतं.

"बोल्ट टाकून देतो," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम. सीट मागे जाईल, नीट बसशील."

"नको."

"गुडघ्यांचं वाटोळं होईल."

"होऊ दे. तुम्ही टाका मारा."

मी ग्राइंडर ठेवला आणि वेल्डिंगचा रॉड घेतला. एक टाका सांगितला होता, मी चारही कोपऱ्यांत नव्यानं मारले. मला रडू येत होतं. काम संपलं तरी मी काळा चष्मा काढला नाही.

तो पुन्हा आत शिरला. मान छताखाली वाकडी, गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना वर आलेले, एक कोपर खिडकीबाहेर, कारण आत जागाच नव्हती. गाडी निघाली. चौकात उजवीकडे वळताना त्याचा गुडघा हॉर्नवर दाबला गेला आणि तसाच अडकून राहिला, आणि ती पिकअप बोंबलत, रिक्षा आणि बसगाड्या बाजूला सारत, फुलबाजाराच्या रस्त्याला लागली.