सात मिनिटं पुढे

आमच्या साडभाऊसारखा माणूस अख्ख्या भिलाईत दुसरा नाही, आणि नाही तेच बरं. दोन असते तर कोणाच्या मनगटावर कोणाचं घड्याळ, हे देवालेही सांगता आलं नसतं. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. नोकरी माझ्यासोबत प्लांटातल्या मिलमध्ये, पण जीव सारा मेलेल्या घड्याळांत. आमच्या कॅम्प-1 वस्तीत कोणाचं घड्याळ बंद पडलं, की हा मयतीले गेल्यासारखा चेहरा करून जाये आणि ते मागून आणे. मयतीलेही हा तिरडी बांधायच्या आधीच हजर, कारण त्याचं स्वतःचं घड्याळ सात मिनिटं पुढं चाले. एकाची डायल, दुसऱ्याचे काटे, तिसऱ्याची मशीन असं जोडून नवं घड्याळ उभं करे, कानाले लावे, टिकटिक आली की डोळे मिटे. लोकं त्याले खिचडी म्हणत. हा म्हणे, "खिचडीनं कोणाचं पोट दुखलं?" पण कोणता तुकडा कोणाचा, ते मागच्या झाकणाच्या आतून सुईनं कोरून ठेवे. "ज्याचं घेतलं त्याचं नाव घ्यावं," एवढंच त्याचं शास्त्र.

मी चौथीच्या पुढं शिकलो नाही, पण अस्सल काय ते मले समजते. सासऱ्यानं आमा दोघा जावयांले एकसारखी घड्याळं दिली होती. माझं एकदा पाण्यात पडलं. साडभाऊले बजावलं, "साफ कर, पण कोणाचं उष्टं लावू नको." आठ दिवसांनी दिलं ते पुढं चालून राहिलं. मी तडकलो. तो म्हणे, "चालू दे ना, भोंग्याच्या आधी पोचशील." त्याच सुमारास त्याचं घड्याळ बंद पडलं. जगाची घड्याळं चालवणारा हा बाप्पा तेव्हापासून बंद घड्याळ बांधून मलेच वेळ विचारे. मी चारचौघांत म्हणो, "सासऱ्याची वस्तू तुले सांभाळता आली नाही." तो हासे. असे तीस वर्षं हासला.

मग रायपूरहून जुन्या घड्याळांचा एक शौकीन त्याच्या रुआबांध्याच्या घरी आला. मीही गेलो, माझं अस्सल घड्याळ दाखवाले. शौकीनानं साडभाऊच्या एका खिचडी घड्याळाले भिंग लावलं, नकाराची मान हालवली. "अंकल, कलेक्टर लोग इसे हाथ नहीं लगाते. पुर्जे अलग-अलग हों तो घड़ी झूठ बोलती है."

"पीछे खोल के देखो," साडभाऊ म्हणाला.

त्यानं झाकण उघडलं, आतली नावं एकेक करून पाहिली. "लिखकर रखा है तो नकली नहीं कहूँगा. पर हमारे काम की भी नहीं."

मी लगेच माझं मनगट पुढं केलं. साडभाऊ घाबरला. "ते नको उघडू भाऊ, धूळ जाते."

"कावून? आता भेऊन राहिला का?" मी म्हणालो.

उघडलं. "वाह, सब असली!" शौकीन म्हणाला, आणि मग आतलं कोरलेलं मराठी त्याले समजेना म्हणून झाकण माझ्या हाती दिलं. बारीक अक्षर होतं: मशीन माझी. साडभाऊले सांगू नये. त्याचा साडभाऊ म्हणजे मी.

मी एवढंच बोललो, "चहा होऊ दे." शौकीन गेल्यावर घड्याळ त्याच्यापुढं सरकवलं, तर त्यानं परत सरकवलं. "सासऱ्याची मशीन सासऱ्याच्याच जावयाजवळ आहे. गेली कुठं?"

आता मिलच्या आवाजानं त्याचे कान पार गेले. रिसालीच्या बगिच्यात आम्ही रोज संध्याकाळी बसतो. मी सात मिनिटं आधी पोचतो. काटा मी मागं केला नाही. तो येते, बंद घड्याळाचा हात पुढं करून माझं मागते, आणि कानाले ऐकू येत नाही म्हणून समोरच्या दातांत धरते. फिरायले आलेल्या बाया हासतात. त्याले टिकटिक दातांतून समजते म्हणे. तो डोळे मिटते. त्या दिवशी जे बोलता आलं नाही, ते मी तेव्हा बोलून घेतो, रोज, मोठ्यानं. त्याले ऐकू येत नाही म्हणूनच बोलता येते. तो मान हालवते. पण ती टिकटिकीले.