सुधाकररावांचे दोन रेग्युलेटर

जळगाव जामोदला गजाननच्या फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर एक लोखंडी बाक आहे. रिटायर माणसांनी सकाळी बसायचं कुठं, हा प्रश्न त्या बाकानं सोडवला. दुकानामागं भंगार साठतं तसे इथं किस्से साठतात. मुद्दाम कुणी आणून टाकत नाही, पण ढीग वाढतच जातो. आणि उपसायला घेतला की दर दुसरा तुकडा सुधाकररावांचा निघतो!

मी मास्तर होतो त्याच शाळेत सुधाकरराव विज्ञान शिकवायचे. घराला दोन कुलपं, खिशात दोन पेनं, पँटला पट्टा असून आतून नाडी. "एक गेलं त दुसरं पाह्यजे ना बे," हे त्यांचं ब्रीद.

पूर्वी हे किस्से सांगताना पोट धरून हसायचो. आता हसू अर्ध्यावर अडतं. त्यांनी प्रवासासाठी घेतलेली गाडी अजून अंगणात उभी आहे. तिच्यावर कारल्याचा वेल चढलाय, आणि कुसुमवहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, त्या वेलावरची कारली हातानं चाचपून तोडतात.

* * *

एकदा शाळेची सहल लोणारला नेली. सुधाकरराव प्रत्येक थांब्यावर पोरं मोजायचे आणि खात्रीसाठी पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदा आकडा जुळायचा नाही, कारण पहिली मोजणी संपली की पोरं चिंचा घ्यायला खाली उतरायची!

सरोवराच्या काठावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. पोरं वाकवाकून पाहत होती आणि खाली काळोखाशिवाय काही नव्हतं.

सुधाकरराव शांतपणे म्हणाले, "सरोवर कुठी जात नाही. पोरं जातात."

बोलणं बिनतोड होतं. पण त्या वर्षीच्या पोरांनी लोणार पाहिलं नाही ते नाहीच.

* * *

रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी स्कूल व्हॅन विकत घेतली. गजाननकडून आत दोन पलंग, छोटा ओटा, गॅसची पाइपलाइन, सगळं बसवून घेतलं. फिरतं घरच म्हणा ना.

कारण वहिनी होत्या. साखरेच्या आजारानं त्यांची नजर उतरत चालली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जे पाहायचं ते यंदाच पाहून घ्या. वहिनींनी एकच गोष्ट मागितली, समुद्र. त्यांचं पथ्य कडक, हॉटेलचं चालायचं नाही, म्हणून चूल सोबत न्यायची.

"जन्मभर सातपुडाच पाह्यला, आता काहीतरी सपाट पाहू द्या," त्या म्हणाल्या. "पण हे संग पाह्यजेत. एकटीनं काय पाहायचं?"

* * *

दसऱ्याला मुहूर्त केला. गाडीला हार घातला, नारळ फोडला. टपावर स्टेपन्या अर्थातच दोन.

गाडी नांदुरा रोडला लागली आणि परत आली. घरातल्या गॅसचा कॉक बंद केला होता की नाही? केला होता. पुन्हा निघाली, पुन्हा परत आली, आता दोन्ही कुलपं ओढून पाहायला. त्यानंतर वहिनी पिशवी घेऊन खालीच उतरल्या.

गजाननला म्हणाल्या, "भाऊजी, गाडी झकास झाली. फक्त तिले घर सोडवत नाही."

"दिवाळी होऊ दे, मंग निवांत जाऊ," सुधाकरराव म्हणाले. आम्हीही माना डोलावल्या.

* * *

दिवाळीत पुण्याहून भाचा आला आणि भेट म्हणून उचलून नेता येणारी, जाळीची गॅस शेगडी घेऊन आला. झालं! समुद्राकाठी वहिनींना रोडगे, म्हणजे कणकेचे भाजलेले जाड गोळे, खाऊ घालायचे, असं सुधाकररावांच्या मनानं घेतलं. रोडगे भाजायचे गोवऱ्यांच्या आरात, पण तिकडं वाळूत गोवऱ्या कुठून आणणार? म्हणून ही शेगडी गाडीच्या गॅसलाच जोडायची.

शेगडी मुळात गॅसच्या छोट्या डब्यावर चालणारी, तिला तिचा रेग्युलेटर होता. गाडीच्या सिलेंडरवर गाडीचा होताच. सुधाकररावांनी पाइप जोडला, सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला, परत लावून पाहिला, आणि काडी ओढली. जाळ उठला तो निरांजनाच्या वातीएवढा.

वर वांगं ठेवलं. आमचा चहा झाला, पेपर वाचून झाला, वांगं जसंच्या तसं. वहिनींनी हात लावून पाहिला.

"लेकराले ताप येते ना, तेवढं गरम हाय," त्या म्हणाल्या.

गजानन म्हणाला, "सर, सिलेंडरपाशी एक रेग्युलेटर दाब कमी करते, शेगडीपाशी दुसरा आणखी कमी करते. मंग जाळ येईन कुठून? शेगडीवाला काढा." भाच्यानंही दुकानात विचारून हेच कळवलं.

सुधाकररावांना हे कळत नव्हतं असं नाही, आयुष्यभर तेच शिकवलं होतं. "आन् गाडीवाला फेल झाला त?" ते म्हणाले. "बाई संग हाय माझ्या."

यात वहिनींचीच काळजी होती. म्हणून तर आज जास्त वाईट वाटतं.

* * *

हिवाळा शेगडीपायी गेला. पाइप बदलला, बर्नर बदलला, दोन्ही रेग्युलेटर नवे आणले, पण आणले दोनच. वहिनी रोडग्यांसाठी जाडी कणीक दळून ठेवायच्या, तिला अळ्या पडायच्या, मग पुन्हा दळण.

गिरणीवाल्यानं एकदा विचारलं, "काकू, समुद्र कसा होता?"

"अजून दळूनच राह्यली बाप्पा," वहिनी म्हणाल्या.

* * *

होळी झाल्यावर भजनी मंडळाच्या बायकांची बस कोकणात निघाली. वहिनींनी नाव दिलं.

"काऊन घाई करतं? आठ दिवस थांब, शेगडी होऊनच राह्यली," सुधाकरराव आमच्यासमोर म्हणाले.

"तुम्ही थांबा," वहिनी म्हणाल्या. "डोळे थांबत नाहीत. सुईत दोरा ववता येत नाही मले आता."

बस गेली. सुधाकरराव बाकावर यायचे आणि मोबाईलला रेंज आहे का ते दोनदा पाहायचे. एका संध्याकाळी त्यांनी गजाननकडून पाना मागून नेला. आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी शेगडीचा रेग्युलेटर काढून बाजूला ठेवला, पाइप सरळ जोडला, साबणाचा फेस लावला. एकदाच लावला. काडी ओढली आणि जाळीभर निळा जाळ उभा राहिला!

त्यांनी लगेच वहिनींना व्हिडिओ कॉल लावला. तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"कुसुम, जाळ पाह्य, जाळ!" असं म्हणत त्यांनी मोबाईलची काच शेगडीकडं फिरवली.

"अहो, मी समुद्रापाशीच उभी हाय. तुम्ही हे पाहा आधी," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनीही आपल्या मोबाईलची काच समुद्राकडं फिरवली असावी. कारण गजानन आणि मी शेगडीच्या अलीकडं, सुधाकररावांच्या समोर उभे होतो, आणि जाळावर धरलेल्या त्या काचेत आम्हाला समुद्र दिसत होता, काठापासून काठापर्यंत.

"दिसून राह्यला का?" वहिनींनी विचारलं.

"हाव," सुधाकरराव मोबाईलच्या पाठीकडं पाहत म्हणाले. "आन् तुले?"

"हाव, दिसला," वहिनी म्हणाल्या.